बुंध्यांवरची पंगत

टेकडीवर पोचेपर्यंत व्हेस्टाचं सगळं लक्ष हातातल्या पातेल्याकडे होतं. चिकन-डंपलिंगचा रस्सा काठापर्यंत आला होता, आणि स्टिडम घराण्याच्या दफनभूमीकडे चढणारी वाट दर वर्षी थोडी जास्त खडी होते याबद्दल तिच्या मनात शंका नव्हती. त्यामुळे वर काय झालंय ते तिला आधी दिसलं नाही, मानेला कळलं. मानेवर ऊन आलं. या जागी, मे महिन्याच्या शेवटच्या रविवारी, मानेवर ऊन यायचं काही कारणच नव्हतं.

तिने वर पाहिलं. वर नुसतं आभाळ होतं.

"ये, ये," डेन्व्हर म्हणाला. तिचा हा मधला भाऊ आणि त्याची बायको पेग पहाटेच डेटनहून निघाले होते, आणि आता भर उन्हात लाकडी घोड्यांवर फळ्या टाकून जेवणाची टेबलं मांडत होते. डेन्व्हरचं टक्कल आत्ताच लाल झालं होतं. "बघ कसं सगळं मोकळं मोकळं झालंय. आईबापांच्या थडग्यांना हवा खेळती राहील."

"झाडं कुठायत?"

"तेच मी तुला विचारणार होतो. इथे तू राहतेस. मी डेटनला राहतो."

दफनभूमीच्या खालच्या अंगाला पांढऱ्या ओकची रांग होती. डेकोरेशनच्या रविवारी थडगी साफ करायची, त्यांच्यावर फुलं वाहायची, गाणी आणि प्रार्थना उरकायच्या आणि मग त्या ओकखाली सगळ्या गणगोताने पोटभर जेवायचं, हे इतकी वर्षं चाललं होतं की सावली ही माणसांनी आणायच्या वस्तूंपैकी नव्हे असंच सगळे धरून चालले होते. घरून ही टेकडी दिसत नसे, आणि व्हेस्टा वर चढायची ती वर्षातून एकदाच. आता तिथे बुंधे होते. रुंद, पिवळट, सपाट.

व्हेस्टाने पातेलं एका बुंध्यावर ठेवलं आणि त्याच्याशेजारी गुडघे टेकून बसली.

"वादळ नाही," ती म्हणाली. "वादळाने पाडलं असतं तर मुळं वर आली असती. ही करवत आहे. आणि बघ ना, सरळसोट तेवढे नेलेत. तो कडेचा वाकडा तसाच ठेवलाय." तिने सालीच्या आतल्या कडेवरून अंगठा फिरवला. "अजून चिकट लागतंय. महिन्याच्या आतलं काम आहे."

"तू पोलिसात जायला हवं होतंस," डेन्व्हर म्हणाला. "स्वयंपाकघरात कुजलीस."

तो बोलून गेला आणि फळी सरळ करायला वळला. व्हेस्टाला ते जरा लागलं, कारण नेमक्या त्याच गोष्टीबद्दल ती आज बोलणार होती.

व्हेस्टा हे घरातलं शेंडेफळ. थोरल्या बर्लपेक्षा वीस वर्षांनी धाकटी. काउंटीच्या हॉस्पिटलात ती स्वयंपाकघरातून जेवणाचे ट्रे खोल्याखोल्यांत पोचवायची, आणि प्रत्येक ट्रेबरोबर एखादा प्रश्न तरी घेऊन परतायची. ही पिशवी पिवळी का? हे यंत्र मघाशी चिवचिवत होतं, आता गप्प का? या आजोबांना मीठ बंद आहे तरी पाय सुजलेत, ते कशाने? नर्स मुली हसायच्या. "व्हेस्टा, सूप गार होतंय," म्हणायच्या. पण उत्तरही द्यायच्या. मागच्या हिवाळ्यात त्यातलीच एक म्हणाली, अगं एवढं विचारतेस तर शिकत का नाहीस, हॉस्पिटल फी देतं की. स्वयंपाकघरातल्यांनासुद्धा? स्वयंपाकघरातल्यांनासुद्धा.

तेव्हापासून व्हेस्टाने त्या योजनेची अशी काही चौकशी केली, की ऑफिसातली बाई तिला लांबून येताना पाहूनच खुर्ची पुढे करू लागली. सरकारी कॉलेजात नाव लागलं होतं. ऑगस्टमध्ये वर्ग सुरू व्हायचे होते. तिने काम करता करता शिकायचं, दोन वर्षांची फी हॉस्पिटल देणार, आणि नंतर तीन वर्षं तिथेच नर्स म्हणून काम करायचं. गोम एवढीच होती की हॉस्पिटल पैसे मागाहून देई. आधी पदरचे भरायचे, सत्र पास व्हायचं, मग ते परत मिळायचे. आणि पदरचे म्हणजे जे काही होतं ते हिवाळ्यात घराच्या छपरावर गेलं होतं. या शुक्रवारपर्यंत पहिल्या सत्राची फी भरली नाही, तर जागा दुसऱ्या कुणाला जाणार होती.

म्हणजे आज तिला मागायचं होतं. भावांकडे, पैसे. स्टिडमांच्या घरात कोणी कधी कोणाकडे काही मागितलं नव्हतं. मीठसुद्धा नाही.

खालून गाडीचा आवाज आला. बर्ल आणि त्याची मुलगी ट्रेसा आले होते, आणि गाडी थेट वर येत होती. हे दुसरं नवल. दफनभूमीपर्यंत गाडी येत नसे, आणि गेली दोन वर्षं बर्लला चौघांनी खुर्चीवरून उचलून आणावं लागायचं, शिव्या ऐकत. आता उतारावर ताजा तांबडा रस्ता कापलेला होता. ओंडके ओढून नेणाऱ्या गाड्यांचा.

ट्रेसाने वडिलांना उतरवलं, ऑक्सिजनचं सिलिंडर त्याच्या लहानशा गाडीवर ठेवलं, नाकातली नळी सरळ केली. तीस वर्षं खाणीत काढून बर्लने घरी आणलेली कमाई म्हणजे ती काळी फुप्फुसं. त्याने सगळ्यांकडे पाहून मान हलवली, थडग्यांकडे पाहिलं, टेबलांकडे पाहिलं, पेगच्या टोपीकडेही पाहिलं. बुंध्यांकडे मात्र पाहिलं नाही.

ट्रेसा तिथल्या तिथे थिजली होती. "अगं बाई! आपले ओक?"

ज्याला माहीत नाही तो असा ओरडतो, व्हेस्टाच्या मनात आलं. आणि ज्याला माहीत आहे तो पेगच्या टोपीकडे बघतो. तिला आता आणखी एक गोष्ट आठवली. बर्लचा ट्रक तीन आठवडे गॅरेजला होता, आणि कुठल्या गॅरेजला असं विचारलं की बर्लला खोकल्याची उबळ यायची.

"फुलं कशात ठेवायची?" पेगने विचारलं. बायकांनी पिओनीच्या फुलांचे हारे आणले होते. डबे कमी पडत होते.

बर्लच्या मांडीवर कॉफीचा एक जुना डबा होता. दर वर्षी असेच डबे थडग्यांवर फुलदाणी म्हणून ठेवतात. व्हेस्टाने हात पुढे केला. "तो दे, इमोजीनवहिनीच्या थडग्याला होईल."

बर्लने डबा छातीशी ओढला. "हा नाही."

"का? त्यात काय आहे?"

"कॉफी."

"रिकामा वाजला मघाशी."

"व्हेस्टे," बर्ल म्हणाला, "देवाने तुला तोंड दिलं तेव्हा त्याला झाकण लावायचं राहून गेलं."

"झाकणाचं सोड," डेन्व्हर मध्ये आला. हातातला हातोडा त्याने खाली ठेवला होता. "झाडं कुठे गेली, बर्ल? सरळ विचारतोय. ही टेकडी तिघांच्या नावावर आहे."

बर्लने एक श्वास घेतला. त्याला बोलायच्या आधी श्वासाची तयारी करावी लागे, त्यामुळे तो बोलायचा ते ठरवूनच. "विकली."

"कोणाला?"

"पिंपवाल्यांना."

पांढरा ओक सरळ असला की त्याची बर्बन व्हिस्कीची पिंपं होतात हे तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. मग पेगला हसू फुटलं आणि तिने टोपी तोंडावर धरली.

"आईच्या उशाशी उभी असलेली झाडं," डेन्व्हर एकेक शब्द सुटा करत म्हणाला, "दारूच्या पिंपात गेली. त्या बाईने खोकल्याच्या औषधाचासुद्धा वास घेऊन बघितला जन्मभर. घराबाहेर ओतायची ती बाटल्या! मला दोन वेळा मारलंय तिने, तेही शेजाऱ्याच्या बाटलीसाठी!"

"ती तुझीच होती," बर्ल म्हणाला.

"मुद्दा तो नाही! मला विचारलंस? हिला विचारलंस?"

"मला नाही विचारलं," व्हेस्टा म्हणाली. या घटकेला ती डेन्व्हरच्या बाजूची होती, आणि तिला रागही आला होता. पण रागाच्या वर तरंगत तोच तिचा जुना किडा होता. "ट्रकही विकलास ना? कशासाठी, बर्ल? तुला काय हवं होतं एवढं?"

"जेवताना सांगेन," बर्ल म्हणाला, आणि सिलिंडर ओढत बायकोच्या थडग्याकडे निघाला.

एव्हाना लांबचे नातेवाईकही जमले होते, आणि म्हातारा उपदेशक आला होता. त्याने गाण्याची एकेक ओळ आधी भरभर म्हणायची आणि मग सगळ्यांनी ती लांबलचक ओढून गायची, अशा रीतीने गाणी झाली. आईबापांना फुलं वाहून झाली. इमोजीनच्या दगडावरचं शेवाळ व्हेस्टाने ओल्या फडक्याने पुसलं. इमोजीन गेली तेव्हा ट्रेसा बारा वर्षांची होती आणि व्हेस्टा चोवीस. व्हेस्टा तेव्हा लेक्सिंग्टनच्या एका हॉस्पिटलात मदतनिसाचं काम करत होती, नर्सिंगला नाव घालायचं चाललं होतं. पंधरा दिवसांसाठी म्हणून इकडे बर्लच्या घरी आली, एक बॅग घेऊन. ती बॅग अजून माळ्यावर आहे. तिला कोणी राहा म्हणालं नव्हतं, आणि जा असंही कोणी म्हणालं नाही. सकाळी पोरीची वेणी घालायला कोणीतरी लागतंच.

जेवायला सगळे बुंध्यांवर बसले. दुसरं करणार काय? बुंधे बसायला उत्तम होते, हे कबूल करायला कोणी तयार नव्हतं. मांडीवर ताटं, त्यात डंपलिंग, घेवडा, मक्याचा पाव, सुक्या सफरचंदांच्या थरांचा केक, आणि डोक्यावर ऊन. लांबचे चुलते-मावसभाऊ पलीकडच्या कुंपणापाशी मिळेल त्या सावलीला गेले होते, आणि म्हणून जे झालं ते घरच्यांतच झालं.

बर्लने कॉफीचा डबा ट्रेसाच्या ताटाशेजारी ठेवला.

"उघड."

ट्रेसाने झाकण काढलं. आत नोटा होत्या, रबराने बांधलेल्या. कुणाचा तरी घास अडकला.

"नर्सिंगचं कर्ज," बर्ल म्हणाला. श्वास. "फेडून टाक. उद्याच."

"उद्या सरकारी सुट्टी आहे," डेन्व्हरच्या तोंडून गेलं.

"मग परवा." बर्लने मुलीकडे पाहिलं. आज पहिल्यांदाच त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी उजळलं होतं, आणि पुढे काय होणार ते व्हेस्टाला दिसत होतं. "नाताळात तू फोनवर कोणाला तरी सांगत होतीस. पस्तिशी आली तरी डोक्यावर कर्ज आहे म्हणून. मी ऐकलं. माझ्या जिवात जीव आहे तोवर माझ्या पोरीच्या डोक्यावर कर्ज नको."

ट्रेसाने डबा दोन्ही हातांत धरला. ती रडेल असं वाटलं, मग हसेल असं वाटलं. "डॅडी," ती म्हणाली, "ते कर्ज ऑक्टोबरात माफ होणार आहे."

"काय होणार आहे?"

"माफ. शिकताना निम्मी फी हॉस्पिटलने दिली, माहितीये ना तुम्हाला? रात्री मदतनीस म्हणून राबायचे, दिवसा वर्ग. आणि निम्म्यासाठी सरकारी कर्ज काढलं. त्याची अट अशी आहे, की आपल्यासारख्या धर्मादाय हॉस्पिटलात दहा वर्षं नोकरी करायची, हप्ते चुकवायचे नाहीत, मग राहिलेलं सोडून देतात. ऑक्टोबरात दहा वर्षं होतात. हे आता भरलं तर भरलंच. परत कोणी देत नाही."

बर्ल ज्यावर बसला होता तो बुंधा सगळ्यांत रुंद होता. त्याने खाली पाहिलं. टेकडीवर आल्यापासून पहिल्यांदा.

"मला विचारायचंत ना," ट्रेसा हलकेच म्हणाली.

"विचारलं असतं तर नको म्हणाली असतीस."

"अहो, म्हणून तर विचारायचं!"

बर्लची मान ताठ झाली. हे लक्षण चांगलं नव्हतं. लाज वाटली की तो आधी चिडायचा, हे व्हेस्टाने तेवीस वर्षं पाहिलं होतं. "माफी नको आपल्याला," तो म्हणाला. "मी सात वर्षांचा होतो. पप्पांची खाणकंपनीच्या दुकानात उधारी झाली. पोरांच्या बुटांची. कंपनीची माणसं आली आणि गाय सोडून घेऊन गेली. आई दारात उभी होती, तिने एक शब्द काढला नाही. घेतलं ते फेडायचं. कोणी सोडून देत नसतं. जो सोडतो तो मागून दुसरं काहीतरी नेतो."

"हे मात्र खरं आहे," डेन्व्हर म्हणाला. मघाचा वैरी आता थोरल्याला जाऊन मिळाला. गाईची आठवण निघाली की दोघे भाऊ एक व्हायचे, डेन्व्हर तेव्हा रांगतही नव्हता तरी. "राग मानू नकोस, ट्रेसा. पण आमच्या गल्लीतल्या एका मुलीला असंच सांगितलं होतं. शेवटी म्हणाले तुझं बसत नाही यात."

"दर वर्षी हॉस्पिटलची सही घेऊन पाठवते मी, काका. माझं बसतंय."

"बसत असेल. पण आपण स्टिडम. सरकारचे उपकार घ्यायचे म्हणजे..."

"ट्रेसा," व्हेस्टा म्हणाली.

सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं. तिने ताट खाली ठेवलं. जे विचारायचं होतं त्याची उत्तरं तिला माहीत होती. आयुष्यात पहिल्यांदाच ती स्वतःसाठी विचारत नव्हती, दुसऱ्यांनी ऐकावं म्हणून विचारत होती.

"तुझ्या वर्गातल्या किती जणी लागल्या इथे नोकरीला?"

"आठ-नऊ असतील."

"आता किती आहेत?"

"मी. आणि ती ओपल, प्रसूतीकडे."

"बाकीच्या?"

"लेक्सिंग्टन. सिनसिनाटी. तिकडे जवळजवळ दुप्पट देतात, आत्या. तुला माहितीये."

"मला माहितीये. यांना सांग. मग तू का नाही गेलीस?"

ट्रेसाने खांदे उडवले. "दहा वर्षं इथे काढायची असं ठरलं होतं. आणि रात्रपाळीला इथे दुसरं असतंच कोण?"

"म्हणजे दहा वर्षं निम्म्या पगारावर काम केलंस, जिथे कोणी राहत नाही तिथे. आणि त्या बदल्यात ते कर्ज सोडतायत." व्हेस्टा बर्लकडे वळली. "बर्ल, फुप्फुसांच्या भरपाईचे पैसे येतात दर महिन्याला. ते कोणाचे उपकार आहेत?"

"उपकार?" बर्लचा आवाज चढला, मागोमाग खोकला आला, आणि सगळे खोकला संपायची वाट पाहत राहिले. "ते माझे आहेत! कोर्टात वर्षानुवर्षं भांडून घेतलेत. छाती देऊन बसलोय मी त्यासाठी."

"मग हिने रात्री दिल्यात."

खाली ओढ्याचा आवाज येत होता. एरवी ओकच्या पानांत तो ऐकूच यायचा नाही. सिलिंडर टिकटिकत होतं. बर्लने मुलीकडे बघितलं आणि बराच वेळ बघत राहिला. तिच्या डोळ्यांखाली काळं होतं, कारण ती आज सकाळी रात्रपाळी संपवूनच आली होती. ते त्याला आज प्रथम दिसलं की काय कोण जाणे.

"मजुरी आहे म्हणजे ती," तो शेवटी म्हणाला.

"मजुरीच आहे, डॅडी."

"मग माफी का म्हणतात मेले?"

"ते त्यांना विचारा."

पेग परत हसली, आणि या वेळी डेन्व्हरही हसला. ट्रेसाने डबा वडिलांच्या मांडीवर परत ठेवला आणि त्यांच्या डोक्यावर हात ठेवला, लहान पोराच्या ठेवावा तसा. झाडं गेली ती गेलीच होती. त्यांच्या फळ्या आता कुठल्याशा कारखान्यात पिंपांसाठी गोल वाकवल्या जात असतील, आतून भाजल्या जात असतील. व्हेस्टाला त्या क्षणी वाईट वाटलं, फार वाटलं.

"बरं, या पैशांचं काय करायचं?" डेन्व्हर म्हणाला. "तिसरा हिस्सा माझा होतो, म्हणजे मी आपलं नुसतं सांगतोय." मग थांबला. कपाळाला आठी पडली. "व्हेस्टा, पण तुला हे इतकं बारीकसारीक कसं माहीत? तू तर ट्रे पोचवतेस."

"सांग ना आत्या," ट्रेसा म्हणाली.

हाच तो क्षण होता. घरून निघताना व्हेस्टाने चांगली वाक्यं जुळवून आणली होती. त्यातलं एकही आठवेना. "माझं नर्सिंगला नाव लागलंय," ती मांडीवरच्या रुमालाला म्हणाली. "ऑगस्टपासून. हॉस्पिटल फी देणार आहे, पण सत्र पास झाल्यावर देणार. पहिली फी मला भरायची आहे. शुक्रवारपर्यंत. माझ्याकडे नाहीये. मला... मी मागतेय."

कोणी हसेल याची ती वाट पाहत होती.

"नर्स?" डेन्व्हर म्हणाला. "व्हेस्टा, तुझ्या प्रश्नांना कंटाळून पेशंट आजारपण सोडून पळतील गं."

"पळाले म्हणजे बरे झाले," पेगने नवऱ्याला सुनावलं. "आणि तूच मघाशी म्हणालास, स्वयंपाकघरात कुजलीस म्हणून. आता गप्प बस."

डेन्व्हरने पातेल्यात पळी घातली. मग म्हणाला, "माझा हिस्सा डंपलिंगमध्ये वळता करून घे. नाहीतरी तिसऱ्यांदा घेतोय."

बर्ल डब्याच्या झाकणावर बोट फिरवत होता. व्हेस्टाला वाटलं, हा नाही म्हणणार, आणि नाही म्हणाला तर त्याच्यावर रागावताही यायचं नाही.

"उधार म्हणून दे," ती घाईने म्हणाली. "डिसेंबरात हॉस्पिटलने दिले की लगेच परत करीन. तुझा ट्रक परत विकत घेऊ आपण. एक पैसा ठेवणार नाही."

"ट्रेसा," बर्ल म्हणाला. तो मुलीशी बोलत होता, पण पाहत होता इमोजीनच्या दगडाकडे. "दहा वर्षं भरायच्या आधी तू मध्येच सोडून गेली असतीस तर?"

"मग काही माफ नाही. सगळं अंगावर."

"आणि सोडलं नाही तर?"

"मग देणं संपलं."

बर्लने श्वासाची तयारी केली. "ही पंधरा दिवसांसाठी आली होती," तो म्हणाला. "एक बॅग घेऊन. मी तिला कधी विचारलं नाही, तुला जायचंय का. मला भीती वाटायची, हो म्हणेल म्हणून." श्वास. "व्हेस्टे. मध्ये कधी सोडून गेलीस?"

व्हेस्टाने मान हलवली. नाही.

"मग उधार कसलं?" त्याने डबा तिच्या मांडीवर ठेवला, ताटाच्या जागी. "हे तुझं आहे. केव्हाच कमावून ठेवलंयस."

तिला रडू आलं. चारचौघांत, उन्हात, हाताला मक्याच्या पावाचा चुरा लागलेला असताना. तेवीस वर्षांत या माणसाने तिला थँक्यू म्हटलं नव्हतं. तिला ते नको होतं असंच ती समजत आली होती, आणि ते किती हवं होतं हे आता कळत होतं. ट्रेसा येऊन तिच्याच बुंध्यावर बसली. दोघींना पुरेल एवढा तो रुंद होता.

"रडू नकोस," बर्ल म्हणाला. त्याला ते बघवत नसे. मग, जरा वेळाने, घसा खाकरून तो म्हणाला, "व्हेस्टे, एक विचारू?"

सगळ्यांनी माना वर केल्या. बर्ल आणि विचारू.

"ही नळी कानामागे टोचते. वर्ष होत आलं. ते कशाने?"

"वर्ष?" व्हेस्टा म्हणाली. "वर्षभर टोचतेय आणि तू..." पण तिने वाक्य सोडून दिलं. डबा ट्रेसाच्या हातात दिला, डोळे पुसले, अॅप्रनला हात पुसले, आणि उठून भावाचा कान हलकेच पुढे ओढून त्याच्या मागे पाहू लागली.